देव पाण्यात, एड ॲरिझोनात

बेसबॉलसाठी देव पाण्यात ठेवणारा अख्ख्या मिशिगनमधला मी पहिलाच माणूस असेन, असं लतिका आल्यागेल्याला सांगते. लतिका माझी बायको आहे. त्यामुळे हे कौतुक नाही, हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

खरं तर मी तसा माणूसच नाही. मी मेकॅनिकल इंजिनियर. सगळी नोकरी मोटारींच्या ब्रेकमध्ये गेली. निवृत्तीनंतर दर रविवारी जवळच्या ट्रॉय गावातल्या मराठी शाळेत मुलांना शिकवतो. बाराखडी शिकवता शिकवता त्यांना एक सवयही लावायचा प्रयत्न करतो: आधी बघा, मग मोजा, मग बोला. मुलं पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरीवर येतात, पण मला घाई नाही. असा मी शेजाऱ्याच्या रिकाम्या घरात, बेसमेंटमध्ये, पितळी गणपती पातेल्यात बुडवून का बसलो, हे सांगायचं तर एड नोवाकपासून सुरुवात करायला हवी.

एड आमचा शेजारी, निवृत्त पोस्टमन, नव्वदीला टेकलेला. आम्ही इथे राहायला आलो त्या उन्हाळ्यात त्याने कुंपणावरून विचारलं होतं, की तुला बेसबॉल समजतो का. मी म्हटलं, मला क्रिकेट समजतं. त्याने आजाऱ्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, काळजी करू नकोस, हळूहळू उतार पडेल.

तेव्हापासून आमच्या डेट्रॉइटच्या टीमची प्रत्येक मॅच आम्ही त्याच्या बेसमेंटमध्ये रेडिओवर ऐकत आलो. टीव्ही होता, पण आपण बघितलं की टीम हरते, असं एडचं मत होतं. ऐकली तरी टीम हरायचीच, पण त्यात आपला दोष नसायचा. बसायला दोन निळ्या खुर्च्या होत्या. शहरातलं जुनं स्टेडियम पाडलं तेव्हा एडने त्या मिळवल्या होत्या. लोखंडी पायांवर एकमेकींना जोडलेल्या, आणि माणूस उठला की बैठक खाटकन वर मिटणाऱ्या. डावी एडची, उजवी माझी.

बेसबॉलचा सीझन वसंतात सुरू होतो आणि पानगळीपर्यंत चालतो. जवळजवळ रोज मॅच. मात्र आशेचा सीझन त्याआधी, भर बर्फात, फेब्रुवारीत सुरू होतो. खेळाडू सरावाला जमले की एड कुंपणाशी येऊन, तोंडातून वाफ सोडत, गंभीरपणे म्हणायचा, "यंदाचं वर्ष आपलं." दर वर्षी तेच वाक्य, तोच चेहरा. त्यानंतरच मला हिवाळा संपेल असं वाटायला लागायचं.

गेल्या नोव्हेंबरात एड ड्राइव्हवेवर घसरला. खुब्याचं हाड मोडलं. त्याचा मुलगा केव्हिन ॲरिझोनाहून आला, ऑपरेशन होईस्तोवर थांबला आणि वडिलांना घेऊन गेला. केव्हिन वाईट नाही. म्हाताऱ्या वडिलांना बर्फात एकटं ठेवायचं नाही, असं कुठल्याही शहाण्या मुलाला वाटेल. म्हणूनच त्याच्याशी भांडताही येईना. एडने किल्ली माझ्या हातात ठेवली. पाइप गोठत नाहीत ना, तेवढं रोज बघ म्हणाला, पहिल्या मॅचला मी इथे आहे. त्याच्या व्हीलचेअरमागे उभ्या असलेल्या केव्हिनने माझ्याकडे बघत हळूच नकारार्थी मान हलवली. नंतर बाजूला घेऊन त्याने सांगितलं, की एप्रिलमध्ये घर विकायला काढणार.

एडचा अधूनमधून फोन यायचा. तिकडे पाऊस नाही, बर्फ नाही आणि लोक रात्रीचं जेवण उन्हात जेवतात, अशी तक्रार. शिवाय फिनिक्सच्या आसपास पंधरा टीम सरावाला येतात, आपली मात्र फ्लोरिडात जाते, हा त्याला मुद्दाम केलेला अपमान वाटत होता. मग फेब्रुवारी आला. खेळाडू सरावाला जमले. एडचा फोन आला, हवापाणी झालं, लतिकाची चौकशी झाली. मी वाट बघत होतो. त्याने ते वाक्य म्हटलं नाही. मीच विचारलं, यंदा टीम कशी वाटते? तो म्हणाला, "कोण जाणे." आणि फोन ठेवला.

त्या दुपारी मला माझी आई आठवली. माझ्या दहावीच्या निकालाच्या वेळी तिने देव पाण्यात ठेवले होते. निकाल लागेपर्यंत सगळा देव्हारा तांब्याच्या घंगाळात. मी तेव्हाही हसलो होतो, आणि पासही झालो होतो. आता या दोन गोष्टींचा संबंध नाही, हे मी वर्गात उत्तम समजावून देऊ शकतो.

लतिकाकडे विषय काढला तर ती म्हणाली, "अहो, बाहेर उणे वीस आहे. माझ्या देव्हाऱ्यातल्या एकाही देवाला हात लावायचा नाही. आणि तेही बॉलबॅटसाठी." मग मी गाडीतला गणपती घेतला. अंगठ्याएवढा, पितळी. अमेरिकेला येताना आईने दिलेला. गाड्या बदलल्या, पण डॅशबोर्डवर कायम तोच. त्याच्यावर लतिकाची सत्ता चालत नव्हती. आमच्याच स्वयंपाकघरातलं एक स्टीलचं पातेलं आणि खिडकीतल्या तुळशीचं एक पान घेऊन मी एडच्या बेसमेंटमध्ये गेलो. पातेलं एडच्या खुर्चीवर ठेवलं. वजनामुळे बैठक खाली राहिली. पाण्यात गणपती ठेवला, वर पान सोडलं आणि म्हणालो, एडला परत आण. टीमचं तुला जमेल तसं बघ.

दुसऱ्या दिवशी पाणी बोटभर कमी होतं.

मी हसलो. घर तापवणारा फर्नेस चालू, हवा कोरडी, बाष्पीभवन होणारच. पातेलं पुन्हा भरलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा बोटभर कमी. चौथ्या दिवशी पाणी कमी होतं आणि तुळशीचं पान नव्हतं. मी टॉर्च घेऊन खुर्चीखाली, रेडिओमागे, सगळीकडे शोधलं. पान बाष्पीभवनाने जात नाही. मी नवीन पान टाकलं, आणि उठताना सहज शेजारी बघितलं. माझी खुर्ची उघडलेली होती.

ती रिकामी असताना उघडी राहूच शकत नाही, स्प्रिंग आहे. मी हाताने बैठक वर केली, ती वर राहिली. खाली दाबून सोडली, खाटकन मिटली. जन्मभर ब्रेकमध्ये काम केलेला माणूस स्प्रिंगला घाबरत नाही. मी तेल घातलं आणि घरी आलो. नेहमीपेक्षा जरा वेगाने आलो, इतकंच.

यानंतर मी ही गोष्ट लोकांना सांगितली, ही माझी पहिली चूक.

रेखाताई निवृत्त डॉक्टर आहेत, दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि एक कोरा कागद पुढे करून म्हणाल्या, घड्याळ काढा बघू, अकरा वाजून दहा मिनिटं झालेलं. माणसाचं डोकं ठिकाणावर आहे का, हे तपासायची ती रीत असते, हे मला ठाऊक होतं. मी आकडे, दोन्ही काटे, सेकंदकाटा आणि किल्लीसुद्धा काढली. त्यांनी कागद घडी घालून ठेवून दिला आणि लतिकाला फोन केला. दोघी काय बोलल्या माहीत नाही. पण त्या दिवसापासून गॅस बंद केलात का, असं मला दर तासाला विचारलं जाऊ लागलं.

समोर राहणाऱ्या विक्रमचं म्हणणं वेगळं होतं. तो एका मोटार कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि जगातला प्रत्येक प्रश्न सेन्सर नसल्यामुळे निर्माण होतो, यावर त्याचा विश्वास आहे. "काका, टेन्शन नका घेऊ यार, कॅमेरा लावू. डेटा बघू, मग बोलू." आधी बघा, मग बोला. हे माझंच शिक्षण मला परत मिळत होतं, म्हणून मी हो म्हटलं. त्याने बेसमेंटच्या खांबाला कॅमेरा चिकटवला. चार दिवसांनी तो स्वतःच येऊन कॅमेरा काढून घेऊन गेला. बॅटरी खराब आहे म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला. पुढे त्याच्या बायकोने, दीपाने, लतिकाला सांगितलं, की तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये फोनवर पातेलं बघत बसला होता. भर दुपार, फ्लोरिडात सरावाची मॅच चालू असण्याची वेळ. पातेल्यातलं पाणी सावकाश उतरत होतं, कुणीतरी वाटीने प्यावं तसं. आणि शेजारची निळी खुर्ची हळूहळू खाली आली. विक्रमने मीटिंग कॅन्सल केली आणि त्या दिवसापासून कचऱ्याचा डबासुद्धा तो उजेडात बाहेर ठेवतो.

याच सुमारास गल्लीतल्या कुणीतरी पोलिसांना कळवलं, की बंद घरात एक म्हातारा रोज जातो आणि भांड्याशी बोलतो. आलेली ऑफिसर तरुण होती आणि फार सभ्यपणे वागली, त्यामुळे जास्तच लागलं. मी किल्ली दाखवली, एडला फोन लावून दिला, ओळख पटली. मग तिने पातेल्यात वाकून विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं, देव आहे. ती थोडा विचार करून म्हणाली, "तो इथेच राहतो का?" मी म्हटलं, तात्पुरता. तिने ते लिहून घेतलं. परिणाम असा झाला, की आठवडाभरात शहराच्या ऑफिसातून फोन आला. घर रिकामं आहे की वापरात, याची नोंद हवी होती. रिकामं असेल तर एक नियम, वापरात असेल तर दुसरा. मी प्रामाणिकपणे म्हणालो, की मला नक्की सांगता येत नाही. पलीकडच्या बाईंनी टायपिंग थांबवलं. मग विचारलं, की घरात तुमच्याशिवाय कुणी आहे असं तुम्हाला वाटतं का? हा प्रश्न नियमांपैकी नसावा.

मी खरोखर हादरलो तो एडच्या फोनने. तो टीमबद्दल काहीच बोलला नाही. केव्हिनने आज तिसऱ्यांदा प्लंबर बोलावला, एवढंच म्हणाला. का? तर केव्हिनच्या पोर्चवर एडची खुर्ची असते, तिच्या डाव्या पायाशी रोज दुपारी बशीएवढं पाणी साचतं. छत कोरडं, नळ कोरडा, वाळवंटात महिनोन्महिने पाऊस नाही. केव्हिन पुसतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. "आणि प्रोफेसर, गंमत ऐक," एड म्हणाला, कारण तो मला प्रोफेसर म्हणतो, "परवा त्यात एक पान होतं. छोटंसं, हिरवं. चुरगाळलं तर तुझ्या बायकोच्या किचनसारखा वास आला."

मी पातेल्याचा विषय न काढता त्याच्या खुब्याची चौकशी केली.

रविवारी मी हा प्रश्न वर्गात मांडला, अर्थात नावं बदलून. विक्रम आणि दीपाची मुलगी अनिका, वय वर्षं नऊ, हिने लगेच विचारलं, की ते एडचं घर आहे का. मुलांपुढे नावं बदलून उपयोग नसतो. मग मी त्यांना रीत समजावली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन पातेली घ्यायची, एकात देव, एकात नुसतं पाणी. दोन्हींवर तेलाचा पातळ थर द्यायचा, म्हणजे बाष्पीभवन बंद. मुलांनी आधीच उत्तरं दिली: उंदीर, गळती, एडचं भूत. मी म्हटलं, एड जिवंत आहे. एक मुलगी म्हणाली, मग हाफ भूत.

प्रयोग मांडला. अनिका निकाल बघायला दीपाचा हात धरून माझ्याबरोबर बेसमेंटमध्ये आली. दीपा जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबली. जमिनीवर ठेवलेलं नुसत्या पाण्याचं पातेलं जसंच्या तसं होतं. खुर्चीवरच्या पातेल्यात तेलाचा थर अखंड होता, त्याला कुठे सुरकुती नव्हती, आणि पाणी बोटभर खाली गेलं होतं. मी सवयीने तांब्या उचलला आणि भर घालायला वाकलो.

"आजोबा, यू कीप फिलिंग इट," अनिका म्हणाली.

"कमी होतं ना बाळा."

"बट ते कुठेतरी जातंय. तुम्ही परत परत भरता. मग ते पूर्ण जाणार कसं?"

इतकी वर्षं मुलांना शिकवतोय. एकाच वाक्यात कुणी मला असं खाली बसवलं नव्हतं. मी तांब्या जमिनीवर ठेवला.

त्यानंतर पाणी घातलं नाही. रोज जाऊन नुसतं बघायचो. पाणी गणपतीच्या मुकुटाखाली आलं, मग कानांखाली, मग पोटाखाली. पहिली मॅच जवळ येत होती. एड फोन उचलेना. केव्हिनने पाठवलेला घरांचा दलाल येऊन खोल्यांचे फोटो काढून गेला. बेसमेंटमध्ये मात्र तो जिन्यावरूनच वळला, खाली फार गार आहे म्हणाला. फर्नेस चालू होता. आणि एका सकाळी मी खाली गेलो तर पातेलं कोरडं होतं. आत तेलाचा तवंगही नव्हता, आणि गणपती नव्हता.

पातेलं उलटं केलं, खुर्च्या सरकवल्या, मोरीच्या जाळीत हात घातला. माझा आवाज ऐकून लतिका बर्फाचे बूट घालून पहिल्यांदाच त्या बेसमेंटमध्ये आली. आता टोमणा येणार म्हणून मी खाली मान घालून उभा राहिलो. तिने रिकामं पातेलं बघितलं, उघडी असलेली माझी खुर्ची बघितली, आणि एक शब्द न बोलता माझा हात धरून मला घरी नेलं. लतिका गप्प बसते तेव्हा परिस्थिती गंभीर असते. काम झालं की देव आपण पाण्याबाहेर काढायचा, एवढं आईने सांगितलं होतं. तो आपला आपण निघून गेला तर काय करायचं, हे ती बोलली नव्हती.

पहिल्या मॅचच्या दिवशी एप्रिल असूनही बारीक बर्फ पडत होता. मी खिडकीशी बसलो होतो. आईचा गणपती गेला, एड येत नाही, घर विकणार, आणि रेखाताईंकडे माझ्या घड्याळाचा कागद आहे, असा सगळा हिशेब मनात चालू होता. तेवढ्यात एडच्या ड्राइव्हवेत भाड्याची गाडी थांबली. केव्हिन उतरला. मागचं दार उघडून त्याने वॉकर काढला, आणि वॉकरमागून टीमची निळी टोपी घातलेला एड निघाला.

मी चपलांवरच बाहेर धावलो. एडने मला बघितलं, एक हातमोजा दाताने ओढून काढला, कोटाच्या खिशात हात घातला आणि मूठ माझ्यासमोर उघडली. तळव्यावर गणपती होता. थंड, पितळी, आणि ओला.

"हा तुझाच ना? गाडीत असायचा."

मी तो उचलून दोन्ही हातांत घेतला.

"परवा दुपारी पोर्चवर माझ्या खुर्चीत बसला होता. केव्हिन म्हणाला, पोस्टाने पाठवून देऊ." एडने मुलाकडे बघितलं. "मी जन्मभर पोस्टात होतो. एवढ्या लांब माणसाला न्यायला आलेल्या पाहुण्याला मी खोक्यात घालणार नाही. त्याला घरी पोचवायला मीच येणार."

केव्हिनचा चेहरा बर्फापेक्षा पांढरा होता. घराचं उन्हाळा संपल्यावर बघू, शेजारी कुणी मदतीला बाई मिळेल का, एवढंच त्याने मला विचारलं. आणि मग अगदी हळू आवाजात, हा पुन्हा तिकडे येणार नाही ना, असंही विचारलं. मी म्हटलं, तुझे वडील इथे असतील तर त्याला तिकडे काय काम?

केव्हिनने एडला धरून जिना उतरवला, आणि बेसमेंटमध्ये आम्ही दोघे आपापल्या खुर्च्यांवर बसलो. रेडिओ लावला. आमची टीम पहिल्या डावातच ढेपाळली आणि शेवटपर्यंत सावरली नाही. एड समाधानाने ऐकत होता. मॅच संपल्यावर त्याने विचारलं, की पातेल्याचं काय प्रकरण होतं. मी सगळं सांगितलं, देव, पाणी, आई, दहावी. तो लक्ष देऊन ऐकत होता.

"आणि मागितलंस काय?"

"तू परत यावास."

"एवढंच?" एडने डोक्यावरची टोपी काढली. "देव हाताशी असताना? प्रोफेसर, आपल्याला डावखुऱ्या पिचरची, म्हणजे तुझ्या क्रिकेटमधल्या बोलरची, गरज आहे." मग कुंपणाशी करायचा तसा गंभीर चेहरा करून म्हणाला, "तरी पण, यंदाचं वर्ष आपलं."

गणपती डॅशबोर्डवर परत गेला. लतिकाने त्याला आधी कोरड्या फडक्याने पुसलं, मग कापूर ओवाळला, आणि आता कुणीही याला पोहायला न्यायचं नाही असं मला बजावलं. मी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एडला इडल्या द्यायला गेलो. तो वर झोपला होता, केव्हिन गाडी परत करायला गेला होता. माझं पातेलं न्यायला खाली उतरलो. पातेलं एडच्या खुर्चीवर होतं, रात्री कुणीतरी ते काठोकाठ भरलं असावं, असा ओला वण वरच्या कडेला दिसत होता. आत गळ्यापर्यंत बुडालेला एक प्लॅस्टिकचा बाहुला उभा होता, स्टेडियममध्ये वाटतात तसला, स्प्रिंगवर डोकं बसवलेला. डाव्या हातात चेंडू. बेसमेंटमध्ये वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती, आणि तो माझ्याकडे बघून सावकाश मान डोलवत होता.

पाणी बोटभर कमी होतं.